शेतावर पाहुण्यांसाठी लाकडी इमारत: घरचं लाकूड की कारखान्यातल्या तुळया? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

शेत बघायला येणाऱ्यांसाठी एक इमारत बांधायची आहे. शाळांच्या सहली, शेती शिकायला येणारी माणसं, अधूनमधून एखादी कार्यशाळा. पन्नास-साठ जण बसतील असं दालन, तीन बाजूंनी पडवी, मागे स्वच्छतागृहं. दालनात मधे खांब नको, म्हणजे साधारण ९ मीटरचा गाळा मोकळा हवा. काँक्रीट फक्त पायात आणि जोत्यात, वर सगळं लाकूड, इथपर्यंत घरात एकमत आहे.

पुढे गाडी अडली. बांधावर साग आहे, वीसेक वर्षांचा. निलगिरीही आहे, बऱ्यापैकी जाड. आर्किटेक्टचं म्हणणं, फळ्या चिकटवून केलेल्या ग्लुलॅम तुळया आणि भिंतींना सीएलटीच्या, म्हणजे फळ्यांचे थर आडवे-उभे चिकटवून केलेल्या, पाट्या मागवा. ताकदीचा आकडा हातात असतो, उभारणी भराभर होते. सुतार म्हणतो, दारात लाकूड असताना जहाजातून आणायचं कशाला? मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत.

१ घनमीटर लाकूड ढोबळमानाने ९०० किलो कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं, हे मी वाचलंय. पण इमारत पंधरा वर्षांत कुजून चुलीत गेली तर तो परत हवेतच. म्हणून माझा खरा प्रश्न टिकण्याचा आहे. वाळवी आणि पाऊस दोन्ही भरपूर. लहान मुलं कठडे धरणार, खांबांना टेकणार, त्यामुळे विषारी लेप नको वाटतात. आगीचं काय, हे घरातले ज्येष्ठ रोज विचारतात.

आणखी एक. ग्लुलॅम न वापरता, घरच्या आखूड लाकडात ९ मीटरचा गाळा निघतो का? प्रत्यक्ष लाकडात काम केलेल्यांनी सांगावं. ‘लोखंडी शेड टाका, मोकळे व्हा’ हा सल्ला आधीच मिळालेला आहे.

प्रतिसाद १

गाळा निघतो. आखूड लाकडात मोठा गाळा हा जुनाच धंदा आहे. सोळाव्या शतकात फिलिबेर द लॉर्म या फ्रेंच वास्तुकाराने छोट्या फळ्या सांधे चुकवत जोडून मोठाल्या कमानी उभ्या केल्या, कारण लांब तुळया महाग आणि दुर्मिळ झाल्या होत्या. तुम्हाला कमानीपर्यंत जायची गरज नाही. ९ मीटरला बोल्टने जोडलेली साधी कैची, म्हणजे छपराखालचा त्रिकोणी लाकडी सांगाडा, पुरते. मात्र सांध्यांचा हिशोब इंजिनियरकडूनच करून घ्या. कैची मोडते ती सांध्यात, लाकडात क्वचित.

तुमच्यासारखंच उदाहरण म्हणजे इंग्लंडमधल्या विंडसर ग्रेट पार्कमधली सॅव्हिल बिल्डिंग, २००६ची. पाहुण्यांसाठीचीच इमारत. तिचं लाटेसारखं छप्पर त्याच इस्टेटीवरच्या लार्च या सूचिपर्णी झाडाच्या पट्ट्यांचं आहे. पण छपराच्या कडेला पोलादी नळीचा आधार आहे. सांगायचा मुद्दा, घरचं लाकूड वापरायचं म्हणजे लोखंडाला शिवायचंच नाही असा सोवळेपणा नको.

साग मात्र जपून. वीस वर्षांच्या सागात सालीलगतचं पांढरं लाकूड बरंच असतं आणि त्याला वाळवी-भुंगा सहज लागतो. सागाची कीर्ती आहे ती जुन्या झाडाच्या गाभ्याची. पांढरा भाग काढून टाकला की हातात किती उरतं ते एक झाड चिरून बघा, मग नकाशा काढा.

प्रतिसाद २

टिकण्याबद्दल लिहितो. लाकडाचा ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला की बुरशी वाढत नाही. म्हणजे पाऊस लागला तरी चालतो, फक्त पाणी साचता कामा नये आणि लाकूड पुन्हा सुकलं पाहिजे. त्यामुळे तुमचं पहिलं औषध डब्यात मिळत नाही, ते नकाशात असतं: पाखं भिंतीच्या बाहेर चांगलं एक-दीड मीटर काढा, जोतं उंच घ्या. पडवीचे खांब जमिनीत कधीच पुरू नका. लोखंडी बुटावर उभे करा, खालचं टोक फरशीपासून किमान वीतभर वर. खांब पाणी पितो तो बुडाच्या आडव्या छेदातून, बाजूंनी फार कमी. बुटात पाणी तुंबणार नाही अशी वाट ठेवा, नाहीतर तो बूट म्हणजे खांबाखालची वाटीच.

वाळवीसाठीही हीच उंची कामाला येते. ती मातीची नळी बांधत वर चढते. खांबाचं बूड उघडं दिसत असेल तर नळी दिसते आणि खरवडता येते. जोत्याभोवती फुलझाडांचे वाफे करायचा मोह होईल, तो आवरा.

लेपांबद्दल: आर्सेनिक असलेलं तांबं-क्रोमचं मिश्रण, म्हणजे सीसीए, मुलांच्या हाताला लागेल तिथे नकोच. त्याचे तुकडे चुलीतही घालू नयेत, धूर विषारी असतो. छपराखालच्या लाकडाला बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी द्या. ओल्या लाकडात ते आतपर्यंत झिरपतं. पावसात मात्र धुऊन जातं, म्हणून उघड्यावर निरुपयोगी.

आणि आग. जाड लाकूड पेटलं की वर कोळशाचा थर धरतो आणि आतलं लाकूड त्यामागे बराच वेळ शाबूत राहतं. जळण्याचा वेग मिनिटाला साधारण ०.६५ ते ०.८ मिमी धरतात. अर्ध्या तासाला दर उघड्या बाजूने २०-२५ मिमी. तुळई तेवढी जास्त जाड घ्यायची, संपलं. कैचीत मात्र सगळे तुकडे बारीक, वर उघड्या लोखंडी पट्ट्या. तिथे हा हिशोब जमत नाही. घरातल्या ज्येष्ठांची शंका रास्त आहे. दालनाला दोन बाजूंना बाहेर उघडणारी दारं द्याच.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. खांबाच्या बुटाची गोष्ट आमच्या नकाशात नव्हती, आर्किटेक्टला आजच कळवतो. आता मनात असं येतंय की दालनाच्या छपराला ग्लुलॅमच घ्यावं, आगीच्या दृष्टीनेही. आणि पडवी, भिंतीच्या फळ्या, बाकं, कठडे घरच्या लाकडात. सीएलटी रद्द. एवढ्या बैठ्या इमारतीला त्या पाट्या म्हणजे लाकडाची उधळपट्टीच वाटते.

निलगिरी कधी तोडू आणि किती सुकवू? ती फाटते असं ऐकून आहे.

प्रतिसाद १

फाटतेच. उभ्या झाडाच्या खोडात ताण असतो, तोडताच तो सुटतो. म्हणून ओंडके उन्हात पडू देऊ नका, टोकांना लगेच मेण किंवा जाड रंग फासा आणि लवकर चिरा. चिरताना एकाच बाजूने फळ्या काढत जाऊ नका. एक इकडून, एक तिकडून, म्हणजे ताण दोन्हीकडून सारखा सुटतो. मग सावलीत, मधे पट्ट्या घालून, वर वजन ठेवून रचा. हवेत सुकवायला इंचाला एक वर्ष हा सुतारांचा जुना ठोकताळा आहे, पण लाकडागणिक फरक पडतो. ओलावा मोजायचं यंत्र घ्या आणि आकडा हवेच्या मानाने स्थिरावला की मगच रंधा लावा. भिंतीच्या फळ्या दोन्ही कडांना खिळू नका, रुंदीत आकसायला जागा ठेवा. आणि खिळे-बोल्ट स्टेनलेसचे. साध्या लोखंडाभोवती निलगिरी काळी पडते.

ग्लुलॅम मागवताना बाहेरच्या दमटपणात चालेल असा गोंद आहे का, हे लेखी विचारा. सगळा गोंद सारखा नसतो.

धागाकर्ता

म्हणजे यंदा झाडं तोडली तर ग्लुलॅमचं दालन, पातळ फळ्यांच्या भिंतींसकट, आधी उभं राहील आणि पडवीला तिचं जाड लाकूड सुकेपर्यंत थांबावं लागेल. तोवर दालनाच्या भिंतींवर पाऊस थेट येणार. भिंतीच्या फळ्यांना तात्पुरतं काय लावावं? की पडवीचं छप्पर आधी तात्पुरत्या बांबूवर टाकून घ्यावं?