पुरात आलेले वाढे आणि फोनवरची नाती: अशी नाती खरी असतात का, तुम्हाला काय वाटतं?

सीनाकाठ (परंडा)
सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेचं पाणी आमच्या शिवारात शिरलं. सोयाबीन गेलंच, गंजीचा कडबाही वाहून गेला. मी व्हॉट्सॲपवर एवढंच टाकलं, "दावणीला चाळीस जनावरं, वैरण नाही." फिरत फिरत ते सांगलीकडच्या एका तरुण मंडळापर्यंत पोचलं. त्यांनी उलट फोन करून विचारलं, म्हशी किती, गायी किती, टेम्पो गावात येईल का. तिसऱ्या दिवशी उसाचे वाढे घेऊन हजर. २०१९ च्या पुरात त्यांचीही घरं पाण्यात होती. दिवाळीला पुन्हा फोन, "म्हैस व्याली का?" जानेवारीत आम्ही त्यांना हुरड्याला बोलावलं. संस्था उलट प्रश्न विचारते तिथं नातं लागतं, असं माझं ठाम मत आहे.

वस्तीवरचा (भूम)
दादा, तुमचं गाव डांबरी रस्त्यावर. आमच्या वस्तीवर लाइट नव्हती, फोन बंद पडलेले. ज्याचा व्हिडिओ फिरला त्याच्या दारात किटवर किट. शेजारच्या म्हातारीकडं साधा फोन, तिच्याकडं कुणी फिरकलं नाही. आन् फोटोचं काय? माझ्या आईचा किट घेतानाचा फोटो एका संस्थेनं फेसबुकवर टाकला. बहिणीनं तो सासरी पाहिला. लै रडली. ह्याला नातं कसं म्हणू?

सीनाकाठ
फोटोचं पटलं, भाऊ. मंडळानं आमच्याकडं फक्त वाढ्यांचा फोटो काढला होता, माणसांचा नाही. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

बालाघाट (बीड)
आमच्या घरचं सांगतो. आई-वडील दरवर्षी टोळीबरोबर ऊसतोडीला जातात, पाच-सहा महिने. धाकटी आजीपाशी राहते. आईला वाचता येत नाही, म्हणून शाळेतल्या बाई धाकटीच्या कविता तिच्याच आवाजात रेकॉर्ड करून पाठवतात. आई रात्री कोपीत, म्हणजे तोडणीवरच्या झोपडीत ऐकते, परत बोलून पाठवते. पूर्वी पट्टा पडेपर्यंत, म्हणजे तोडणीचा हंगाम संपेपर्यंत, घरची खबर कळायची नाही. हे नातं खोटं म्हणणाऱ्याशी मी भांडेन.

लातूरकर
मायलेकीचं नातं आधीचंच आहे, फोननं ते फक्त सांभाळलं. अनोळखी माणसांचं बोला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, म्हणजे टाक्यांचे डबे, पाच लाख लिटरच्या आसपास. फोटो देशभर फिरले. हळहळणाऱ्यांपैकी पुढच्या उन्हाळ्यात किती जणांनी विचारलं, नळाला पाणी येतं का? त्याच वर्षी पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपसाठी, म्हणजे गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेसाठी, अंबाजोगाई तालुक्यात लोकांनी चर खोदले. ती माणसं टिकाव-फावडं घेऊन एकत्र आली. निरोप फोनवर जाईल, पण माणूस घामानं जोडला जातो.

सीनाकाठ
पण निरोप गेलाच नसता तर टेम्पो कुठून आला असता? वस्तीवरचे भाऊ, मंडळाशी आजच बोललो. पुढच्या वेळी यादी गावोगावच्या आरोग्याच्या आशाताईंकडून घ्यायची, त्या घरोघर जातात. तुमच्या वस्तीचं नाव मला निरोपात कळवा.

वस्तीवरचा
कळवतो. आधी म्हातारीला विचारतो, तिचं नाव दिलेलं चालंल का.