अजॅक्स गूगलच्या जीमेल-मॅप्सच्या आधीचं आहे
अजॅक्स म्हणजे वेबपान रिफ्रेश न करता सर्व्हरकडून डेटा आणायची पद्धत, आणि ही आयडिया गूगलची असं काहीजण समजतात, तर तसं नाहीये. मूळ काम मायक्रोसॉफ्टचं, आउटलुक वेब अ‍ॅक्सेसच्या टीमला ब्राउझरमध्ये मेल दाखवताना दर क्लिकला अख्खं पान लोड करायचं नव्हतं म्हणून त्यांनी एक्सएमएलएचटीटीपी (पान तसंच ठेवून मागून सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवायची सोय) बनवलं आणि ते १९९९ ला इंटरनेट एक्सप्लोरर ५ मधून आलं. मग मोझिलाने पण त्यांच्या ब्राउझरमध्ये तसंच दिलं. २००४ ला जीमेल, २००५ च्या फेब्रुवारीत मॅप्स, तेव्हा कुठे सगळ्यांचं लक्ष गेलं, आणि अजॅक्स हे नाव जेसी जेम्स गॅरेट या डिझायनरने त्याच महिन्यात दिलं.

अजॅक्समधला पहिला 'ए' असिंक्रोनसचा, म्हणजे रिक्वेस्ट पाठवून ब्राउझर अडून बसत नाही, उत्तर आलं की कॉलबॅक (त्यासाठी आधीच देऊन ठेवलेलं फंक्शन) चालतो, बस. महापेच्या आमच्या ऑफिसात नवीन मुलं आली की मी आधी ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडायला लावतो, सर्चमध्ये ऐरोली टाईप करा म्हणतो, एकेका अक्षराला एकेक रिक्वेस्ट जाताना दिसते आणि कधीकधी आधी गेलेलीचं उत्तर शेवटी येतं, मग यादी भलतीच दिसते. तिथे जुनी रिक्वेस्ट अबॉर्ट म्हणजे मध्येच रद्द करावी लागते, कोडमध्ये नुसतं अवेट (उत्तराची वाट बघ) लिहून ते सुटत नाही.