मदत हवी आहे: तीन कारखाने, तीन ईआरपी. टोगॅफ घ्यावं की झॅकमन?

मंडळी, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका समूहात आयटी सांभाळतो. चाकणचा मूळ कारखाना, नाशिकचा विकत घेतलेला आणि वाळूजचा भागीदारीतून आलेला. खरेदीपासून हिशेबापर्यंत सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ईआरपी, तिन्हीकडे वेगळं: चाकणला सॅप ईसीसी, नाशिकला ओरॅकल आणि वाळूजला एका स्थानिक माणसाने लिहून दिलेलं सॉफ्टवेअर, जो आता फोन उचलत नाही. एक्सेलच्या फायली धरल्याच नाहीत. पत्रा पुरवणारा एकच सप्लायर तिन्हीकडे वेगळ्या कोडने बसलाय. त्यामुळे समूह म्हणून आपण त्याच्याकडून वर्षाला किती माल उचलतो हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मग दर कमी करून मागायचे कशाच्या जोरावर?

आता वरून फर्मान आलंय, 'एंटरप्राइज आर्किटेक्चर बसवा', म्हणजे धंद्याची कामं आणि ती चालवणारी सॉफ्टवेअर यांचा एकत्र आराखडा करा. कन्सल्टंटने टोगॅफ या आराखडा करायच्या पद्धतीचं ते गोल चक्र दाखवलं, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि काम आलं माझ्या गळ्यात.

माझं वाचून झालंय ते असं. झॅकमनचा तक्ता, म्हणजे आराखड्याची माहिती मांडायची वर्गवारी, मूळ 1987 चा; तेव्हा स्तंभ तीनच होते, आता काय, कसं, कुठे, कोण, केव्हा, का हे सहा स्तंभ आणि सहा ओळी. म्हणजे 36 घरं, पण आधी कोणतं भरायचं ते तो सांगत नाही. टोगॅफ 1995 चं, अमेरिकी संरक्षण खात्याच्या टॅफिम या चौकटीवरून बेतलेलं. 2022 मध्ये दहावी आवृत्ती आली. त्याच्या एडीएममध्ये, म्हणजे त्या गोल चक्रात, पूर्वतयारी आणि मग ए ते एच असे टप्पे. आपल्या सरकारी खात्यांसाठी 'इंडईए' ही अशीच चौकट आहे, पण ते आमच्या कामाचं दिसत नाही.

आमच्याकडे माणसं म्हणजे मी आणि दोन नवखी मुलं. सुरुवात कुठून करू? आर्किमेट (अशा आराखड्यांची ठरावीक चिन्हभाषा) शिकून आकृत्या काढत बसण्यात अर्थ आहे का? शिवाय कारखान्यातली मंडळी माहिती द्यायला तयार नाहीत, त्यांना वाटतं माणसं कमी करायला आलोय.

– चक्रात अडकलेला

*

झॅकमन आणि टोगॅफ यांचा सामना लावण्यात अर्थ नाही. एक वर्गवारी आहे, दुसरी कामाची पद्धत. आणि टोगॅफ आपल्या गरजेनुसार कापून-छाटून वापरा असं खुद्द टोगॅफच सांगतं. कन्सल्टंट हे पान सहसा दाखवत नाहीत.

चौकट बाजूला ठेवा आणि येत्या वर्षात कोणता निर्णय घ्यावाच लागणार आहे ते पाहा. तुमच्याकडे तो आयता आहे. सॅप ईसीसीचा नेहमीचा सपोर्ट 2027 अखेर संपतो, जादा पैसे मोजले तर 2030 पर्यंत. पण तुमचं एन्हान्समेंट पॅकेज (ईसीसीवर चढवलेला सुधारणा-संच) 5 किंवा त्याआधीचं असेल तर ती मुदत 2025 अखेरच संपली. हे आजच तपासा.

मग एकच यादी करा: कोणतं सॉफ्टवेअर, धंद्याचं कोणतं काम चालवतं, त्याचा मालक कोण (आयटीतला नको, खरेदीतला किंवा उत्पादनातला), माहिती कुठून येते, कुठे जाते, करार कधी संपतो. यादी भरली की प्रत्येकापुढे गार्टनरच्या चारपैकी एक शेरा: चालू द्या, पैसे घाला, हलवा, काढून टाका. वाळूजचं एका झटक्यात उपटू नका, एकेक काम बाहेर काढत न्या. आकृत्या नंतर. आर्किमेटच्या आकृत्या काढायचं आर्ची हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण ते तुमच्या तिघांपुरतं ठेवा. एमडींना आर्किमेटचे बाण दाखवू नका.

– जुना मेनफ्रेमवाला

*

वरच्याशी सहमत, फक्त एक भर. मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञाने 1968 मध्येच लिहून ठेवलंय की संस्थेत माणसं जशी एकमेकांशी बोलतात, तशीच तिची सिस्टीम बनते. तुमचे तीन खरेदी विभाग तसेच राहिले, तर उद्या एकच ईआरपी आणली तरी तिच्यात तीन सप्लायर मास्टर (पुरवठादारांच्या मूळ याद्या) तयार होतील. नवा कोड उघडायचा अधिकार कोणाचा, हे आधी लेखी घ्या.

आणि पत्र्याच्या सप्लायरसाठी चौकट कशाला हवी? जीएसटी क्रमांक 15 अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. तिन्ही मास्टर काढा, पॅनवर जुळवा, खरेदीची बेरीज करा. तो कागद फायनान्सवाल्यांच्या टेबलावर ठेवलात की माहिती मागायला तुम्हाला फिरावं लागणार नाही. कारखान्यात मात्र फॉर्म वाटू नका. ग्राहकाच्या एका ऑर्डरमागे शेड्यूलपासून डिस्पॅचपर्यंत स्वतः चाला, कोण कुठे काय टाइप करतं ते बघा.

– पुरवठाशास्त्री

*

दोघांचेही आभार. पॅनचं डोक्यातच आलं नव्हतं. पण वाळूजला जॉबवर्क करणारे कितीतरी छोटे शेडवाले आहेत, त्यांच्याकडे जीएसटी नोंदणीच नाही. त्यांचं काय करायचं?

– चक्रात अडकलेला

*

त्यांचा टीडीएस कापता ना? मग अकाउंट्सकडे पॅन असायला हवा. तिथून घ्या.

– पुरवठाशास्त्री