विषय: सासरचं रविवारचं जेवण

सर्वांना नमस्कार,
मी साताऱ्याची, नवरा फ्रेंच. मार्चमध्ये लग्न करून इथे ल्योंला आले. नवरा समजूतदार आहे. पण दर रविवारी सासरी तीन-तीन तास जेवण चालतं आणि मी नुसती बसून असते. परवा सासूबाईंनी बटाट्याच्या ग्रातँचं (सायीत भाजलेल्या बटाट्याच्या कापांचं) भांडं पुढे केलं. मी हसून “मेर्सी” (धन्यवाद) म्हटलं, तर त्यांनी ते शेजारच्यांना दिलं. परत कुणी विचारलंसुद्धा नाही. घरी येऊन खूप रडले. मी त्यांना आवडत नाही का?
– नवी सभासद

---

अगं पोरी, आधी डोळे पूस. इथे कुणी वाढायला लागलं आणि आपण नुसतं “मेर्सी” म्हटलं, तर त्याचा अर्थ “नको” होतो. हवं असेल तर “वी, व्होलोंतिए” म्हण. आपल्याकडे पहिलं “नको” कुणी मनावर घेत नाही, आग्रह होतोच. इथे आग्रह करणं म्हणजे समोरच्याचा शब्द मोडणं. त्यांनी तुझा शब्द राखला गं.

माझी अडचण वेगळीच होती. सासूला अरेतुरे कसं करायचं, म्हणून मी वर्षभर “वू” म्हणत राहिले. त्या सांगायच्या, “त्यु” म्हण. जीभच वळेना. त्यांना वाटायचं, ही आपल्याला परकं समजते. मग एकदा मनात आलं, आईला आपण “अगं आई” म्हणतो, “अहो आई” नाही. त्या दिवसापासून जमलं.

आणि पोटात जागा ठेव. मुख्य जेवणानंतर चीज येतं, गोड त्याच्याही नंतर.
– काकू, पॅरिस

---

काकूंनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त कागदांचं सांगतो. दीर्घ मुदतीचा व्हिसा फ्रान्समध्ये आल्यापासून ३ महिन्यांच्या आत ऑनलाइन वैध करून घ्यायचा असतो. ते झालंय ना? ओफीकडून (इथल्या सरकारी स्थलांतर कार्यालयाकडून) फ्रेंचचे वर्ग मिळाले तर एकही बुडवू नका. १ जानेवारी २०२६पासून अनेक वर्षांच्या रहिवासी कार्डासाठी फ्रेंचची ए२ पातळी लागते, नागरिकत्वासाठी बी२.
– तुलूझहून

---

काकू, दादा, मनापासून आभार. व्हिसाचं काम झालंय.
काल “वी, व्होलोंतिए” म्हटलं. सासूबाईंनी दोन डाव वाढलं आणि जायफळ किती घालायचं तेही सांगितलं. मला निम्मंच कळलं, पण मी विचारत राहिले. पुढच्या रविवारी मी पुरणपोळी नेणार आहे. हरभऱ्याची डाळ मिळाली, गूळ कुठेच नाही. ल्योंमध्ये कुणाकडे असेल तर शनिवारपर्यंत कळवाल का?