विजेची शेकोटी: ज्योत घरची, ऊब मात्र विकतची

शेकोटीवाला
पुस्तकांचं जुनं कपाट आडवं पाडून त्याची विजेची शेकोटी केली. ज्योत इतकी बरी जमली की घरातल्या चिमुरडीने पहिल्या दिवशी हात शेकायला पुढे केले आणि काहीच लागेना म्हटल्यावर माझ्याकडे असं बघितलं, की विचारू नका.

रचना सोपी आहे. तळाशी नारिंगी-पिवळ्या एलईडीची १२ व्होल्टची पट्टी, मागे सावकाश फिरणारा आडवा दांडा, दांड्यावर ॲल्युमिनियम फॉइलच्या पट्ट्या. उजेड फॉइलवर आपटून समोरच्या दुधी ॲक्रिलिकवर पडतो आणि जिभा वर चढल्यासारख्या दिसतात. पट्ट्या वेड्यावाकड्याच कापा. मी आधी फूटपट्टी लावून सरळ कापल्या होत्या, तर ज्योतीऐवजी पंखा फिरताना दिसत होता. मोटर मोडक्या मायक्रोवेव्हमधली, थाळी फिरवणारी. मिनिटाला पाच-सहा फेरे, हवा तोच वेग.

आता वादाचा मुद्दा. पैसे वाचवायचे ते या देखाव्यात वाचवा. उष्णतेचा भाग घरी करू नका. तयार हीटर आणा आणि तो शेकोटीच्या आत नाही, बाहेर मोकळ्यावर ठेवा.

तापलेली कॉइल
साफ असहमत. हीटर म्हणजे काय, तर निक्रोमची (वीज गेली की तापणाऱ्या मिश्रधातूची) तार आणि मागे पंखा. २३० व्होल्टला ३५ ओहम धरा, १५०० वॅट झाले. यात कसलं आलंय रॉकेट सायन्स? मी चार वर्षांपूर्वी केलाय. फ्यूज घातलाय, आजवर एकदाही उडालेला नाही.

जुना वायरमन
एकदाही उडाला नाही, हीच तर भीती आहे. फ्यूजला करंट कळतो, ताप कळत नाही. तुमच्या कॉइलमधून साडेसहा अँपिअर जातात. धुळीने पंखा अडला तरी जवळजवळ तेवढेच जाणार. फ्यूज गप्प, एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) गप्प आणि तार लालबुंद. चांगल्या तयार हीटरमध्ये कॉइलजवळ थर्मल कटआउट, म्हणजे फार तापलं की वीज तोडणारा स्विच असतो, बऱ्याच हीटरमध्ये आडवा पडला की बंद करणारा स्विचही असतो. खोली तापवणाऱ्या हीटरसाठी आयईसी ६०३३५-२-३० हे वेगळं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात हीटर झाकून, बिघाड घडवून तपासतात. तुम्ही तुमचा कधी चादरीने झाकून पाहिलात का? नका पाहू.

तापलेली कॉइल
काका, कटआउट सुटा मिळतो. लावला की झालं!

जुना वायरमन
मिळतो. लावणार कुठे? कॉइलपासून लांब लावला तर त्याला उशिरा कळतं, फार जवळ लावला तर उगाच उडत बसतो. ती जागा कारखान्यात हीटर जाळून-जाळून ठरवलेली असते. शिवाय जोड कसे केलेत? साधं सोल्डर १९० अंशांच्या आत वितळतं. साधी पीव्हीसी वायर ७० अंशांची.

जोडावरून आठवलं. एकदा ‘प्लग जरा गरम लागतो’ म्हणून बघायला गेलो. सॉकेट सैल होतं. एक पिन निळसर पडलेली, तिच्याभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन भुगा सुटत होता. हिशोब करा. जोडाशी अर्धा ओहम अडथळा आला, तर साडेसहा अँपिअरला तिथेच २१ वॅट. एवढ्यावर छोटं सोल्डरिंग आयर्न तापतं, आणि हे भिंतीतल्या प्लास्टिकच्या आत. तयार हीटर आणलात तरी हे चुकत नाही. म्हणून हीटर एक्स्टेंशनवर नको, थेट भिंतीतल्या घट्ट सॉकेटवर. आणि अर्धा तास चालवून प्लगला हात लावून बघा.

सुतारकाम चालू
वायरमनकाकांशी सहमत, धागाकर्त्याशी नाही. हीटर बाजूला ठेवायचा तर शेकोटी कसली? तयार हीटर आत बसवतो, आतून जिप्सम बोर्ड मारतो. तो पेटत नाही.

शेकोटीवाला
बोर्ड पेटत नाही, मागचं लाकूड पेटतं. जिप्समच्या वजनात साधारण पाचवा हिस्सा पाणी असतं, म्हणून तो आगीत दम धरतो. रोज भाजत राहिलात तर तेच पाणी उडून जातं. लाकूडही वर्षानुवर्षं तापत राहिलं की कमी तापमानाला पेट घेऊ शकतं. आणि हीटर खोक्यात कोंडला की स्वतःचीच गरम हवा ओढतो. थर्मोस्टॅटला वाटतं खोली तापली. तो बंद, खोली गारठलेली. बाहेर ठेवतानाही पडदे, गादी, कागद यांपासून मीटरभर लांब.

शिवाय ॲक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं, हॉट ग्लू त्याही आधी. माझी सगळी ज्योत हॉट ग्लूवर उभी आहे.

सुतारकाम चालू
कपाटात बसवण्यासाठीच केलेले इन्सर्ट, म्हणजे हीटरसकट तयार शेकोट्या मिळतात की. पुस्तिकेत चारही बाजूंना किती जागा सोडायची ते छापलेलं असतं.

शेकोटीवाला
ते मान्य. पण मग बजेट गेलं.

कट्ट्यावरचा
एवढी नौटंकी कशाला? महागडी तयार शेकोटी घ्या, जास्त ऊब देते. नाहीतर साधा हीटर लावा आणि झोपा.

जुना वायरमन
१५०० वॅट म्हणजे १५०० वॅट, ज्योत दिसो न दिसो. आणि झोपा, पण हीटर बंद करून.

सोल्डरताई
सुरक्षिततेवर एवढा लांब धागा, आणि मायक्रोवेव्ह उघडला हे जाता जाता एका ओळीत? त्यातला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) २००० व्होल्टच्या घरात जातो आणि प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. घरी प्रयोग करणाऱ्यांचे यात जीव गेलेत. दुसरं, थाळीची मोटर बऱ्याचदा थेट मेन्सवर चालते. म्हणजे तुमच्या कपाटात २३० व्होल्टची टोकं आणि शेजारी वेडीवाकडी कापलेली ॲल्युमिनियम फॉइल फिरतेय. टोकांवर काय आहे?

शेकोटीवाला
टेप. आत्ता जाऊन पाहिलं, एका बाजूची सुटत आलीय. ताई, पकडलंत. प्लग काढलाय. १२ व्होल्टची गिअर मोटर घालतो, एलईडीच्याच अडॅप्टरवर, त्याचे अँपिअर पुरतात का बघून. तोवर शेकोटी विझलेली.

तापलेली कॉइल
आणि हे माझ्या कॉइलला नावं ठेवत होते!

जुना वायरमन
तुम्ही पंखा उघडून शेवटचा कधी पाहिलात?

तापलेली कॉइल
उघडला. पात्यांवर नखभर धूळ, मागच्या जाळीत केसांचा गुंता. फोटो टाकणार होतो, नको आता.