तोंडी पटतं, कागदावर मात्र कोरडं पडतं. काय करावं?

फेजन्यूट्रल:
मी इमारतींच्या इलेक्ट्रिकल देखभालीचं काम करतो. एका जुन्या इमारतीच्या कमिटीने प्रत्येक घरात आरसीसीबी (करंट बाहेर गळला की पुरवठा तोडणारं उपकरण) बसवावी म्हणून पत्र लिहायचं आहे. तोंडी बोलताना लोक ऐकतात, पण लिहायला बसलं की एकतर माहितीपत्रक होतं नाहीतर प्रवचन. सुरुवात अशी केली आहे: "विद्युत सुरक्षा ही अत्यंत महत्त्वाची बाब असून तिच्याकडे गांभीर्याने पाहणे ही काळाची गरज आहे." यात काय बदलू?

शाईचा डाग:
हे वाक्य खोडाच. 'विद्युत सुरक्षा'च्या जागी 'सांडपाण्याचा निचरा' घातलं तरी ते जसंच्या तसं चालतं, म्हणजे त्यात तुमच्या कामातलं काहीच नाही.

या धंद्यातला नसलेला एखादा माणूस समोर बसवा, फोनवर रेकॉर्डिंग चालू करा आणि पाच मिनिटं त्याला समजावून सांगा. नंतर ऐकताना दोन जागा टिपा: तुमचा आवाज कुठे चढला आणि त्याने मध्येच कुठे अडवलं. बहुतेक तो विचारेल, "एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आहे ना, मग हे कशाला?" पत्र तिथूनच सुरू करा. उत्तर आकड्यांत द्या, कारण ते आकडे तुम्हाला तोंडपाठ असतात आणि कमिटीने कधी ऐकलेले नसतात. २३० व्होल्ट, ओल्या शरीराचा रोध ढोबळमानाने १००० ओहम, म्हणजे अंगातून जाणारा करंट साधारण ०.२३ अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीला तो जाणवतही नाही, कारण तिच्या क्षमतेच्या तो सत्तराव्या हिश्श्याएवढा आहे. माणसाला मात्र तेवढा जिवावर बेतू शकतो. ३० मिलिअँपिअरची (म्हणजे ०.०३ अँपिअरची) आरसीसीबी फेजने (वीज आणणाऱ्या तारेने) गेलेला करंट न्यूट्रलने (परतीच्या तारेने) तेवढाच परत येतो का, एवढंच पाहते, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की जास्तीत जास्त ०.३ सेकंदात पुरवठा तोडते.

एवढं लिहिलंत की 'अत्यंत', 'अतिशय' हे शब्द आपोआप गळतात. उरले तर हाताने काढा.

खोडरबर:
वरचं पटलं, पण एक भर. जीव तोडून काम करणारी माणसं लिहिताना दोनदा घसरतात. एक म्हणजे नुसती भीती घालतात. घाबरलेला वाचक पान उलटतो, म्हणून धोक्याच्या लगेच पुढच्या वाक्यात करता येण्याजोगी गोष्ट हवी. दुसरं, आपल्या उपायातली खोट लपवतात. फेज आणि न्यूट्रल दोन्हींना एकदम हात लागला आणि करंट जमिनीकडे गेलाच नाही, तर आरसीसीबी पडणार नाही. ओव्हरलोडवरही ती पडत नाही, म्हणून एमसीबी काढायची नाही. हे तुम्हीच लिहा. कमिटीतल्या जाणकाराने विचारलं आणि पत्रात ते नसलं, तर बाकीच्या पानावरचाही विश्वास उडतो.

'ती सारखी पडते' ही तक्रारही आधीच घ्या. कारणं ठरलेली: दोन सर्किटचे न्यूट्रल एकत्र झालेले, पुढे कुठेतरी न्यूट्रल अर्थला टेकलेला, किंवा गिझरच्या एलिमेंटमधून करंट गळत असलेला. आधी वायरिंग तपासून मग बसवणार, असं लिहिलंत की आक्षेप निम्मा विरतो.

आणि एका पत्रात मागणी एकच. अर्थिंग, मीटर रूम, जिन्यातले दिवे, सगळं एकदम मागितलं की 'पुढच्या बैठकीत पाहू' होतं.

फेजन्यूट्रल:
नवी सुरुवात: "तुमच्या घरातली एमसीबी वायर जळण्यापासून वाचवते. ओल्या हाताने करंट गळणाऱ्या गिझरला स्पर्श झाला तर ती पडणार नाही. त्यासाठी प्रत्येक घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवायला मंजुरी द्यावी. बसवण्याआधी प्रत्येक घराचं वायरिंग आम्ही तपासू."

शाईचा डाग:
आता वाचावंसं वाटतं. फक्त 'मंजुरी द्यावी' याला तारीख जोडा, आणि टेस्टचं बटण अधूनमधून दाबून पाहायचं, हे शेवटी एका ओळीत टाका. बसवून झाल्यावर ते कोणी सांगत नाही.