हॉप्सची बोंडं कधी तोडायची?

पोर्टलंडला परसात हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वनस्पती) कॅस्केड जातीचा वेल लावलाय, पार छपराला टेकलाय. ऑगस्ट संपत आला, तरी बोंडं हिरवीगार, हाताला ओलसर लागतात. तोडू का थांबू?

— थांबा! चिमटीत दाबल्यावर कागदासारखं कुरकुरलं, सोडल्यावर परत फुगलं, की तयार. एक उभं फाडून बघा. पाकळ्यांच्या बुडाशी गर्द पिवळी, चिकट भुकटी हवी. बोटांवर चोळली की पपनसाच्या सालीचा घमघमाट. बिअरचा सगळा जीव त्यातच. वाळवताना जाळीवर, पंख्याखाली; उन्हात अजिबात नको. मधला दांडा कडकन मोडला की पिशवीतली हवा काढून फ्रीझरमध्ये.

— ओलेच हॉप्स बिअरच्या उकळीत टाकणार असाल तर वाळलेल्यांच्या पाच-सहापट घ्या. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, वेल हात ओरबाडतो. आणि घरात कुत्रा असेल तर गळालेली बोंडं लगेच उचला, त्याच्या जिवावर बेततं.